गॉथिक कथा ऐकणाऱ्यांना 'आळशी' म्हणणाऱ्यांसाठी

रातवा

कालच्या 'वाचनाला लागलेली वाळवी' या धाग्यात एकांनी ठणकावून लिहिलंय की पो, डिकन्स, एम. आर. जेम्स या इंग्रजीतल्या जुन्या लेखकांच्या गॉथिक, म्हणजे गूढ-भयाच्या, कथा कानात बोंडं घालून ऐकणारे लोक वाचक नव्हेतच. भय पानावरच्या शब्दांतूनच यायला हवं, ऐकणं हा आळस. तिथे दोन ओळी लिहून माझं समाधान होईना, म्हणून वेगळा धागा.

ज्या जेम्सचं नाव तुम्ही घेता, त्याच्या भुताच्या कथा जन्मल्या त्याच ऐकवण्यासाठी. २८ ऑक्टोबर १८९३ ला केंब्रिजमधल्या 'चिटचॅट' मंडळात त्याने पहिल्या दोन वाचून दाखवल्या. पुढे किंग्ज कॉलेजात नाताळला मित्र जमायचे, हा हस्तलिखित घेऊन यायचा, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवायचा आणि वाचायला बसायचा. पुस्तक निघालं १९०४ साली. पोच्या 'टेल-टेल हार्ट'मध्ये (१८४३) घरातल्या म्हाताऱ्याचा खून करून प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली लपवणारा निवेदक तर पहिल्याच परिच्छेदात 'ऐका' म्हणतो.

मी बरीच वर्षं रात्रपाळी केली. कंपनीची बस पहाटे साडेतीनला हायवेला सोडायची, तिथून घर वीस मिनिटं, एका बाजूला बंद गिरणीची भिंत. त्या रस्त्यावर डिकन्सची 'सिग्नलमन' (१८६६) ऐकली. ती सुरूच होते वरून खाली मारलेल्या हाकेने, आणि सिग्नलवाला वर न बघता मागे वळून रुळांकडे बघतो. मीही मागे वळून बघितलं. पाय जागचे हलेनात. याला आळस म्हणायचं?

जुनी पोथी

ते ठणकावून लिहिणारा मीच. शब्द मागे घेत नाही.

तुम्ही 'टेल-टेल हार्ट'चं उदाहरण दिलंत, तेच घेऊ. फळ्यांखालून येणारा तो हृदयाचा आवाज, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा, खरा की निवेदकाच्या डोक्यातला? पोलीस समोर बसून गप्पा मारताहेत, त्यांना काहीच ऐकू येत नाही. सगळी कथा या एका शंकेवर उभी आहे. मी जे मराठी ध्वनिमुद्रण ऐकलं त्यात पहिल्या मिनिटापासून मागे धडधड लावलेली! म्हणजे आवाज खरा की भास, हे ठरवलं ध्वनिमुद्रण करणाऱ्याने. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. तेवढ्यात मध्येच गृहकर्जाची जाहिरात. मी बंद केलं ते कायमचं.

रातवा

तुमचा राग रास्त आहे, पण ती श्रुतिका झाली, आवाज-संगीत घालून केलेलं नाटक. मी अभिवाचनाबद्दल बोलतोय. एक माणूस, एक आवाज, मागे काही नाही. दोन्हींची गल्लत करून सगळ्यांनाच झोडपू नका.

कर्जत लोकल

मी दीडपट वेगाने ऐकतो. डोंबिवली ते दादर दोन कथा होतात. कुणाचं काय बिघडतं?

जुनी पोथी

पोचं बिघडतं. त्याने १८४६ च्या निबंधात लिहून ठेवलंय की एका बैठकीत संपेल एवढीच रचना असावी, म्हणजे परिणाम तुटत नाही. एका बैठकीत म्हणजे घाईत नव्हे. तो म्हातारा अंधारात उठून बसतो आणि निवेदक तासभर एक स्नायूही हलवत नाही. तो तास तुम्ही दीडपटीने ऐकलात? मग काय ऐकलंत?

कर्जत लोकल

गर्दीत एका पायावर उभं राहून जे ऐकता येतं ते ऐकलं. तुमच्याकडे खुर्ची आहे, दिवा आहे, वेळ आहे. माझ्याकडे नाही. आळशी म्हणायच्या आधी एकदा सकाळी सव्वाआठची गाडी पकडून दाखवा.

शब्दवेडा

भांडण थांबवत नाही, पण आवाजाने कथेचा निकाल लागतो हे धडधडीच्या आधीच होतं. मूळ इंग्रजीत 'टेल-टेल हार्ट'चा निवेदक बाई की पुरुष हे पो कुठेच सांगत नाही. इंग्रजीत ते लपतं. मराठीत अर्धंच लपतं. 'मी कंदिलाची झडप उघडली', 'मी फळ्या उचकटल्या', इथवर ठीक, क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. पण पोलीस दारात येतात तेव्हा निवेदक हसतो. आता 'मी हसलो' की 'मी हसले'? मी हे भाषांतर केलंय. चार दिवस अडून शेवटी 'मला हसू आलं' लिहिलं. ध्वनिमुद्रणात वाचणाऱ्याने ते परस्पर 'मी हसलो' केलं.

आणि ज्या ॲपने ते घेतलं त्यांनी सुरुवातीला वाचकाचं नाव घेतलं, संगीतकाराचं घेतलं, भाषांतरकाराचं नाही. मोबदला एकदाच, तोही पाच महिन्यांनी. ऐकणाऱ्यांनो, तुमच्या कानात जे मराठी शिरतं ते कुणीतरी लिहिलेलं असतं.

पिंपळपार

व्याकरणाचं हे गुऱ्हाळ कशाला? पावणेदोनशे वर्षं लोक त्याला पुरुषच समजत आलेत. शिवाय कथेत 'मॅडमॅन' शब्द स्पष्ट आहे.

शब्दवेडा

तो वेड्यांबद्दल सर्वसाधारण बोलताना आलाय, स्वतःची ओळख म्हणून नाही. कथा पुन्हा उघडून बघा आणि मग गुऱ्हाळ म्हणा.

पिंपळपार

बघितली. बरं, तेवढं मान्य. पण मग बाईने वाचली तर कथा बाईची होणार, पुरुषाने वाचली तर पुरुषाची. म्हणजे पोथीसाहेबच बरोबर, आवाज काहीतरी ठरवून टाकतोच.

उंबरठा

सहसा इथे लिहीत नाही. आईला काचबिंदू आहे. कळला तेव्हा उशीर झाला होता, गेलेली नजर परत येत नाही. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. आयुष्यभर वाचनालयाची पुस्तकं संपवणारी बाई. गेल्या पावसाळ्यापासून मी तिला रोज रात्री नऊला वाचून दाखवते.

'टेल-टेल हार्ट' मी मराठीत वाचली. 'मला हसू आलं' असंच होतं, ते कुणाचं काम हे आज कळलं. म्हाताऱ्याच्या त्या फिकट निळ्या, पडदा आलेल्या डोळ्याचं वर्णन आलं तेव्हा मी अडखळले. हे काय निवडलं मी! गाळून पुढे जावं असं मनात आलं. आईने विचारलं, "ही बाई म्हाताऱ्याची कोण? सून का?" तिला निवेदक पुरुष असेल असं वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्याचं सगळं हीच करत असणार. वाच पुढे."

एका म्हाताऱ्याच्या घरात राहणारं, त्याच्या डोळ्याला कंटाळलेलं माणूस. ही कथा मी कॉलेजात छापील वाचली होती. तेव्हा यातलं काही दिसलं नव्हतं.

आणि आळसाबद्दल: ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तकं १९३५ मध्ये सुरू झाली, ती पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांचा विचार करून. त्यांना जाऊन आळशी म्हणा.

शब्दवेडा

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. चार दिवस फुकट गेले नाहीत.

जुनी पोथी

'आळस' हा शब्द मागे घेतो. अंधांना किंवा लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांना उद्देशून तो नव्हता, पण तसा लागला हे खरं.

बाकी म्हणणं कायम. शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकी लेखिकेची 'यलो वॉलपेपर' (१८९२) घ्या. त्यातल्या निवेदिकेला लिहायला मनाई आहे, नवऱ्याची चाहूल लागली की ती कागद लपवते. ते चोरून लिहिलेलं आहे. मोठ्याने वाचलं की चोरी संपते. ती कथा मी तरी पानावरच वाचणार.

रातवा

ही एक कथा तुमची. देऊन टाकली.

पिंपळपार

अवांतर: डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'मंकीज पॉ' (१९०२), इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या शापित पंजाची कथा, ऐकतानाही मला एकच खटकतं. शापित वस्तू आणायची म्हटलं की हिंदुस्थानातला फकीर हवाच. शेवटी दारावरच्या थापा मात्र ऐकायलाच हव्यात, हे कबूल.

जुनी पोथी

उंबरठा, तुमच्या आईंसाठी जेम्सची शिट्टीची कथा सुचवतो. भग्न अवशेषांत सापडलेली शिट्टी एक प्राध्यापक फुंकतो. समुद्रकाठच्या खाणावळीतली त्याची खोली, तिच्यात दोन पलंग. दुसरा रिकामा. तो रिकामा पलंग येईल तिथे आवाज बदलू नका, घाई करू नका. सरळ वाचा.

उंबरठा

शनिवारी वाचते. आईच्या खोलीतही दुसरा पलंग आहे. त्यावर मी झोपते.