संपूर्ण जीनोमच्या मिथायलेशनसाठी बायसल्फाइटची सवय आता सोडावी का?

सूक्ष्मदर्शी:
डीएनए मिथायलेशन, म्हणजे डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथिल गट बसणं, मोजायचं म्हटलं की १९९२पासून चालत आलेल्या बायसल्फाइट सिक्वेन्सिंगकडेच हात जातो. नव्या प्रकल्पात ही सवय सोडावी, असं माझं ठाम मत आहे. बायसल्फाइट हे रसायन मिथिल नसलेल्या सायटोसिनचं युरासिल करतं, म्हणून वाचताना ते मिथिल असलेल्यापासून वेगळं कळतं, पण त्या प्रक्रियेत डीएनएचे तुकडे होतात. रक्तद्रवातला मुक्त डीएनए आधीच इतका थोडा, त्यातलं उरणार काय? शिवाय मोडतोडही सारखी होत नाही. मिथिल नसलेली सायटोसिनं जिथे जास्त, तिथलेच तुकडे अधिक गळतात आणि एकूण मिथायलेशन फुगलेलं दिसतं. ईएम-सीक या सिक्वेन्सिंगच्या नव्या पद्धतीत हेच काम टेट२ आणि एपोबेक ही एन्झाइम्स करतात, डीएनए बराच शाबूत राहतो.

अनुक्रम:
अजिबात पटलं नाही. एन्झाइमचे नखरे वेगळेच असतात. मिथिल सायटोसिनला संरक्षण देणाऱ्या टेट२ला लोह लागतं. नमुन्यासोबत ईडीटीए (डीएनएच्या द्रावणात असणारं, धातू पकडणारं रसायन) आलं तर ते लोह पकडून बसतं, मिथिल सायटोसिनला संरक्षण मिळत नाही आणि एपोबेक त्याचंही रूपांतर करून टाकतं. उलट डीएनएचे धागे नीट सुटे झाले नाहीत, तर मिथिल नसलेलंही मिथिल दिसतं. आणि मोठ्या रुग्णगटाच्या अभ्यासात संपूर्ण जीनोमचं सिक्वेन्सिंग हवंच कशाला? नऊ लाखांहून अधिक ठरलेल्या जागा चिपवर तपासणारा एपिक अ‍ॅरे वापरा. खर्च कमी, विश्लेषणाची पद्धत ठरलेली.

सूक्ष्मदर्शी:
मानवी जीनोममध्ये सुमारे २.८ कोटी सीपीजी (सायटोसिनला लागून ग्वानिन येणाऱ्या, मिथायलेशन मुख्यतः जिथे होतं त्या जागा) आहेत. नऊ लाख म्हणजे सुमारे ३ टक्के, आणि त्याही आधीच निवडून ठेवलेल्या. तिथे नवं काही सापडलं नाही, म्हणजे ते नाहीच असं कसं म्हणणार? ईडीटीएचा मुद्दा खरा आहे, पण सोबत पडताळणीसाठी मिथिल नसलेला लॅम्डा डीएनए (एका विषाणूचा) आणि पूर्ण मिथिल केलेला पीयूसी१९ (एक छोटा गोल डीएनए) टाकला की दोन्ही चुका आकड्यांत दिसतात.

पेशीजाल:
मेंदूच्या ऊतीवर काम करणाऱ्याला हा वाद अपुरा वाटतो. तिथे ५-हायड्रॉक्सिमिथिल सायटोसिन, म्हणजे मिथिल सायटोसिनचंच बदललेलं रूप, भरपूर असतं आणि नेहमीच्या बायसल्फाइटमध्ये काय किंवा ईएम-सीकमध्ये काय, ते साध्या मिथिलपासून वेगळं कळतच नाही. नॅनोपोअर सिक्वेन्सिंग सूक्ष्म छिद्रातून जाणारा मूळ डीएनए थेट वाचतं, त्यामुळे दोन्ही वेगळी ओळखता येतात. लांब वाचनांमुळे आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रती वेगळ्याही करता येतात. इंप्रिंटिंगच्या (जिथे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्याच प्रतीतलं जनुक चालू असतं त्याच्या) अभ्यासाला याहून सोयीचं काही नाही.

अनुक्रम:
पण खोली, म्हणजे एक जागा किती वेळा वाचली जाते, तिचं काय? एका जागेवर पाचच वाचनं असतील तर मोजता येणारी सर्वात लहान पायरी २० टक्क्यांची होते. आजारात दिसणारे फरक पुष्कळदा त्याहून लहान असतात. मग २.८ कोटी जागा मोजून मिळवलं काय?

सूक्ष्मदर्शी:
शेजारची सीपीजी बहुधा एकत्रच बदलतात. एकेका जागेवर अडून न बसता पट्टा धरून तुलना करा, कमी खोलीतही फरक हाती लागतो. अ‍ॅरेवर त्या पट्ट्यात एखादाच प्रोब (एक जागा तपासणारा छोटा डीएनए तुकडा) असतो, कधी तोही नसतो.