मदत हवी आहे: काळ्या मातीतून करंट सोडला, पण आम्ल पुढे सरकतच नाही

नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव परभणीकडचं. काळ्या मातीवरची घरं दर पावसाळ्यानंतर तडकताना पाहत आलोय, म्हणून प्रोजेक्टला हाच विषय घेतला: डीसी करंट सोडून या मातीचं फुगणं कमी होतं का?

शेतातली माती भिजवून प्लास्टिकच्या टबात दाबून भरली. दोन टोकांना लोखंडी सळ्या, मध्ये ३० सेंमी, ३० व्होल्ट, पाच दिवस. ऋण टोकाला पाणी साचलं, बुडबुडे येत राहिले, पीएच ११ च्या आसपास. धन टोकाची माती वाळून भेगाळली, तांबूस झाली, आणि सळई खाल्ली जाऊन बोटाला खरखरीत लागते. इथवर पुस्तकाप्रमाणे.

पण धन टोकाला तयार झालेलं आम्ल ऋणाकडे सरकत जातं असं वाचलंय. माझ्याकडे सळईपासून दोन बोटांवरच पीएच पुन्हा ८, म्हणजे आम्ल नाहीच. व्होल्टेज वाढवू का? सबमिशन जवळ आलंय, जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
व्होल्टेज वाढवू नका, माती तापेल आणि धन टोक आणखी वाळेल. एक तर तुमची सळई. पाणी फुटून हायड्रोजन आयन सुटायचे, त्याऐवजी बराचसा करंट लोखंड विरघळवण्यात जातोय. तांबूसपणा त्याचाच. दुसरी चुनखडी. मातीत पांढरे खडे आहेत का? त्यांवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसले तर आम्ल तिथेच संपतंय.

पण यात वाईट वाटून घेऊ नका. चुनखडीतून सुटलेला कॅल्शियम मातीच्या थरांमधल्या सोडियमची जागा घेतो, आणि फुगणं त्यानेच कमी होतं. तुमचा मूळ प्रश्न तोच आहे ना? पीएचच्या मागे न लागता टबातल्या तीन जागांची माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीने चाळा. प्रत्येकीची १० ग्रॅम पाण्याच्या मोजनळकांडीत, १० ग्रॅम रॉकेलच्या, २४ तास. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींच्या उंचीतला फरक म्हणजे फुगणं. करंट न दिलेली मातीही सोबत ठेवा.

आम्ल बघायचंच असेल तर धन टोकाला ग्राफाइटची कांडी लावा. खिडक्या मात्र उघड्या हव्यात, माती खारी असली तर क्लोरीन सुटतो.

धागाकर्ता:
सर, खडे आहेत आणि चांगलेच फसफसले! मनापासून आभार. आज रात्रीच नळकांडी लावतो. ऋण टोकाला सळईभोवती पांढरा थर बसलाय, तो खरवडून टाकू की त्या मातीतच राहू देऊ?

प्रतिसाद:
वेगळा काढून ठेवा, त्यावरही व्हिनेगर टाका. आणि त्या टोकाची माती स्वतंत्र मोजा. सोडियम तिकडेच सरकतो, तिथे फुगणं वाढलेलंही दिसेल.