कम्युनिटी कॉलेज 'वॉर्निंग'वर आहे, मुलाला घालावं का? सॅन फ्रान्सिस्कोचं नक्की काय झालं होतं?

पावसाळी_छत्री
नमस्कार मंडळी, आम्हाला कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) येऊन चार वर्षं झाली, मोठा आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठरत आलेलं की पहिली दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि मग यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफर, पैसे पण वाचतात आणि ज्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत ते पोरगं घरीच राहील. तर काल साइटवर फी बघताना अगदी तळाशी बारीक अक्षरात 'ॲक्रेडिटेशन (म्हणजे मान्यता) स्टेटस : वॉर्निंग' दिसलं आणि पोटात गोळाच आला. नवऱ्याने शोधलं तर सगळीकडे सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची केस, मान्यता काढली, कोर्टात गेले वगैरे. त्यात पुण्याच्या नणंदेला चुकून बोलून गेले, ती लगेच "म्हणजे नॅक (आपल्याकडची कॉलेजं तपासून ग्रेड देणारी संस्था) गेलेलं कॉलेज? एवढं लांब जाऊन हेच?" आता बोला. वॉर्निंग म्हणजे किती घाबरायचं? आणि त्या सिटी कॉलेजच्या भांडणात चूक कोणाची होती, कोणी नीट सांगेल का?

बार्ट_प्रवासी
ताई आधी पाणी प्या :) उतरंड अशी आहे. आधी वॉर्निंग, मग प्रोबेशन, मग 'शो कॉज' म्हणजे तुमची मान्यता का काढू नये ते सांगा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष काढणं. चारही टप्प्यांत, अगदी काढायची तारीख उजाडेपर्यंत, कॉलेज मान्यताप्राप्तच असतं. क्रेडिट चालतात, पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी फेडरल मदत) मिळते. मान्यता खरंच गेली तर मात्र फेडरल मदत बंद, आणि ती बंद झाली की कम्युनिटी कॉलेजचं शटर खाली आलंच समजा, म्हणून हे प्रकरण एवढं पेटतं.

सिटी कॉलेजचं सांगतो, तेव्हा मी सॅन फ्रान्सिस्कोतच राहायचो. जुलै २०१२ मध्ये एसीसीजेसी नावाच्या, कॉलेजांना मान्यता देणाऱ्या कमिशनने (ही सरकारी संस्था नाही बरं का, खाजगी आहे, पण फेडरल शिक्षण खात्याची मान्यता असलेली) वॉर्निंग नाही, प्रोबेशन नाही, थेट शो कॉज लावला. १४ शिफारशी दिल्या, वर्षभरात करा म्हणाले. जुलै २०१३ मध्ये म्हणाले १४ पैकी दोनच पूर्ण झाल्यात, ३१ जुलै २०१४ पासून मान्यता रद्द. तेव्हा तिथे ८५ हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. निवडून आलेल्या ट्रस्टी बोर्डाचे अधिकार काढले आणि राज्याने एक स्पेशल ट्रस्टी बसवला. गंमत म्हणजे कॉलेज स्वतः कोर्टात गेलंच नाही, गेले शहराचे सिटी ॲटर्नी डेनिस हेरेरा, ऑगस्ट २०१३ मध्ये. २ जानेवारी २०१४ ला जज कर्टिस कार्नो यांनी स्टे दिला की केस संपेपर्यंत मान्यता काढायची नाही. २०१५ च्या सुरुवातीला निकाल आला की कमिशनने कायदा मोडला, तपासणीच्या टीममध्ये पुरेसे शिकवणारे लोक घेतले नाहीत आणि टीमने न सांगितलेल्या त्रुटी स्वतःच वाढवून कॉलेजला उत्तर द्यायची संधीच दिली नाही. शेवटी जानेवारी २०१७ ला पूर्ण सात वर्षांची मान्यता. म्हणजे एवढ्या सगळ्या तमाशात एक दिवससुद्धा मान्यता गेली नव्हती!

हिशेबनीस
वरचं सगळं बरोबर, पण अर्धंच. कॉलेज काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. बजेटचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पगार आणि बेनिफिट्समध्ये जात होता, शिल्लक म्हणावी तर नावालाच, आणि वरच्या जागांवर बरेचसे 'इंटरिम' साहेब, म्हणजे निर्णय घ्यायला कोणी पक्कं नाहीच. २००८ नंतर राज्याने पैसे कापले तेव्हा बाकी कॉलेजांनी वर्ग कमी केले, यांनी आपली शिल्लक खाल्ली. मी अकाउंट्सवाला माणूस आहे, मला हे दिसलं की झोप येत नाही. कोणीतरी कान धरायलाच हवा होता. आणि मान्यता जाते बरं का, काँप्टन कॉलेजची २००६ मध्ये गेली, मग ते शेजारच्या एल कमिनो कॉलेजच्या पंखाखाली चाललं आणि परत स्वतःची मान्यता मिळवायला २०१७ उजाडलं. तेव्हा 'काही होत नाही हो' असं सांगून या ताईंना गाफील ठेवू नका.

खडूफळा
मी इकडे मराठवाड्यात बत्तीस वर्षं शिकवून रिटायर झालो, त्यामुळे अमेरिकेचं फार कळत नाही पण तपासणीचं कळतं. आमच्याकडे नॅकची पिअर टीम यायची त्याच्या आधी महिनाभर शिकवणं जवळपास बंद. सगळे फाइली करायला. लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये वाचकांच्या मागच्या तारखांच्या सह्या पाहिजेत म्हणून आमचा शिपाई तीन वेगवेगळ्या पेनांनी बसलेला, एक निळं, एक काळं आणि एक मुद्दाम अडकत चालणारं. टीम आली, शाल श्रीफळ झालं, गेली. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती ती आमच्या ग्रेडनंतरही नव्हतीच. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने लाचेच्या केसमध्ये नॅकच्या टीममधलेच लोक पकडले तेव्हा मला नवल वाटलं नाही.

माझा प्रश्न हिशेबनीस यांना, की कान धरणाऱ्याचा कान कोण धरणार? त्या कमिशनवर कोणाचा वचक होता का?

बार्ट_प्रवासी
सर, सगळं भांडण तिथेच तर होतं. शिक्षकांच्या युनियनने आधीच फेडरल शिक्षण खात्याकडे तक्रार केलेली, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये खात्याने कमिशनलाच पत्र लिहून चुका दाखवल्या. त्यातली एक अशी की कमिशनच्या अध्यक्षबाईंचे यजमानच तपासणीच्या टीमवर! म्हणजे सासऱ्याने सुनेच्या पोळ्यांना मार्क द्यावेत तसं. आणखी एक, २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने काढलेला आकडा, की पाच वर्षांत या कमिशनने तपासलेल्यांपैकी ५३ टक्के कॉलेजांवर कारवाई केली, आणि देशातल्या बाकीच्या कमिशनांचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास. आता एकट्या कॅलिफोर्नियातलीच कॉलेजं इतकी वाईट की मास्तरच छडीवाला, ते तुम्ही ठरवा.

आणि हिशेबनीस, पैशाचं तुमचं म्हणणं मान्य आहे, पण त्या रिपोर्टमधलं बरंचसं कारभार आणि हिशेबाबद्दल होतं, वर्गात शिकवणं वाईट आहे असं नव्हतं. शिक्षा मात्र वर्गातल्या पोरांना.

हिशेबनीस
कारभार बुडाला की वर्ग पण बुडतो हो. पण अध्यक्षबाईंचा नवरा टीमवर, हे मलाही पटत नाही, माझ्या क्लायंटचं ऑडिट माझ्या मेव्हण्याने केलं तर माझं लायसन जाईल.

गोडाचा_शिरा
मध्येच बोलते. मी एच४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असताना एका वॉर्निंगवाल्या कॉलेजात (नाव घेत नाही) संध्याकाळचा अकाउंटिंगचा वर्ग केला. पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी सिलॅबस वाटायच्या आधी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं 'आपण मान्यताप्राप्त आहोत' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तरी तिसऱ्या आठवड्यात माझ्या बाजूला बसणारी फिलिपिनो काकू यायची बंद झाली, फोन केला तर म्हणे कोणीतरी सांगितलं कॉलेज बंद होणार, पैसे कशाला घालवू. कॉलेज आजही चालू आहे. मुलं अफवेने जातात आणि गेली की कॉलेजला पैसे आणखी कमी मिळतात कारण राज्याचा निधी बराचसा विद्यार्थ्यांच्या संख्येवर. सॅन फ्रान्सिस्कोत पण हेच झालं, मान्यता राहिली पण हजारोंनी मुलं गेली ती गेलीच, शेवटी राज्याला वेगळा कायदा करून काही वर्षं निधी सावरून धरावा लागला.

पावसाळी ताई, तुमच्यासाठी कामाचं एवढंच. कमिशनच्या साइटवर त्या कॉलेजचं ॲक्शन लेटर असतं, ते वाचा, दोनचार पानांचं असतं. त्यात शिकवण्याबद्दल लिहिलंय की बोर्डाच्या भांडणाबद्दल ते बघा आणि उत्तर द्यायची मुदत कधी आहे ते बघा. आणि मुलाला म्हणावं ॲसिस्ट नावाच्या साइटवर कुठला कोर्स कुठल्या यूसीला चालतो ते आत्ताच काढून ठेव, तिथे चुकलं तर मान्यता सोन्याची असली तरी वर्ष वाया जातं.

पावसाळी_छत्री
सगळ्यांचे खूप आभार!! लेटर काढलं, तीन पानी आहे. दोन मुद्दे आहेत, एक बजेटच्या नियोजनाचा आणि दुसरा ट्रस्टी लोकांनी रोजच्या कामात लुडबुड करू नये असा, शिकवण्याबद्दल काही नाही. मार्चमध्ये फॉलोअप रिपोर्ट द्यायचाय. हिशेबनीस, बजेटवाला मुद्दा तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, वेळ मिळाला तर बघाल का? चिरंजीवांना ॲसिस्ट उघडायला सांगितलंय, ते म्हणाले "आई उद्या".

हिशेबनीस
व्यनि मिळाला. बघतो, पण मागच्या तीन वर्षांची शिल्लक किती ते पण पाठवा, नुसत्या पत्रावरून काही कळत नाही.