पाझर तलाव आटतो म्हणून बाद?
एकानं विचारलंय की गावचा पाझर तलाव जानेवारीतच कोरडा पडतो, मग बांधला कशाला? अहो, पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच तर तो बांधलाय! १९७२च्या दुष्काळात आपल्या लोकांनी खडी फोडली, अशा तलावांवर माती वाहिली. मुरलेल्या पाण्याचा हिशोब तलावात नाही, बांधाखालच्या विहिरींत बघायचा. आमच्या नळयोजनेची विहीर तलावाच्या खालच्या अंगालाच आहे; तलावात शेरडं चरत असतात तेव्हाही तिला पाणी असतं.

खरी अडचण गाळाची. काळ्या रानातला बारीक गाळ तळाला बसला की मुरणं मंदावतं आणि पाणी नुसतं उन्हात उडून जातं. त्यामुळे एप्रिलात भरलेला पाझर तलाव बघून खूश होण्याआधी खालच्या विहिरीत डोकवा.

साठवण तलाव वेगळा, त्यात पाणी मुरवायचं नसतं, वापरायला साठवून ठेवायचं असतं. आपला हिप्परगा, म्हणजे एकरूख तलाव, १८७१ साली आदिला नदीवर झाला; सोलापूर शहरानं उजनी धरणाच्या कितीतरी आधीपासून त्याचं पाणी प्यायलंय.

गाळ काढणार असाल तर पावसाआधी काढा, पण बांधाच्या पायथ्याला जेसीबी लावू नका. मुरूम उघडा पडला की थांबायचं.