लहान मुलाचा पायजमा: आसनात टीप उसवते, इलॅस्टिक वळतं, लांबी पुरत नाही

नवशिकी

अडीच वर्षांच्या मुलासाठी घरीच सुती पायजमे शिवते आहे. मशीन साधं, सरळ टीप आणि झिगझॅग एवढंच. कापड पॉपलिन, सुई १४ नंबर. बेतण्यासाठी त्याचाच जुना पायजमा कागदावर ठेवून आखला आणि सगळीकडे १ सेंमी माया (शिलाईसाठी जादा कापड) सोडली. अडचणी तीन आहेत.

पहिली, उकिडवं बसला की आसनाची, म्हणजे दोन पायांमधल्या जोडाची, टीप जाते. दुहेरी मारली तरी जाते. दुसरी, नेफ्यातलं इलॅस्टिक वळून दोरीसारखं होतं आणि कमरेवर वळ उठतात. इलॅस्टिक २ सेंमी रुंद आहे, नेफा ३ सेंमी. तिसरी, कंबर तीच राहते पण लांबी बघता बघता आखूड होते. खाली जादा कापड कसं ठेवायचं, म्हणजे पायाशी जाड गुंडाळी होणार नाही?

डायपर सुटत आलाय, त्यामुळे पायजमा त्याला स्वतःला खाली-वर करता यायला हवा.

उरेब

आधी एक बघा, नक्की काय जातंय? दोरा तुटतोय आणि कापड शाबूत आहे, की शिलाईच्या कडेने कापडच विरतंय, की मायेतून धागे सुटून शिलाई अख्खी सरकून येतेय? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

नुसता दोरा तुटत असेल तर टिपेला ताण सोसत नाही. आसनाची गोलाई उरेब (धाग्यांना तिरकी) कापली जाते, म्हणजे कापड तिथे ताणलं जातं, पण सरळ टीप ताणली जात नाही. तिथे अगदी अरुंद झिगझॅग लावा, रुंदी ०.५, लांबी २.५. दिसायला सरळच दिसते. वरच्या दोऱ्याचं टेन्शन फार कसलं असेल तर एक घर सैल करा. आणि पॉपलिनला १४ ची सुई जाड होते. ११ किंवा १२ लावा, भोकं लहान पडतील.

कापड विरत असेल तर मात्र दोष शिलाईचा नाही, आसनात जागा कमी पडण्याचा आहे. तिथे चार टिपा मारल्या तरी पाचव्या दिवशी शेजारून फाटेल. धागे सुटत असतील तर माया कमी आहे किंवा कडा झिगझॅग न करता तशीच सोडलीय.

आणखी एक. वापरलेल्या पायजम्यावरून आखलं की हमखास आसन कमी येतं. इलॅस्टिकने गोळा झालेला वरचा भाग पूर्ण ताणून टाचण्या लावल्याशिवाय खरी गोलाई कागदावर उतरत नाही. त्यातून तो जुना पायजमा आधीच तोकडा होत आलेला असतो.

आसनाचं माप उकिडवं बसवून घ्या. कमरेला सैलसर दोरी बांधा, पुढच्या दोरीपासून पायांमधून मागच्या दोरीपर्यंत टेप न्या. मूल स्थिर बसणार नाही हे गृहीत धरा, जमिनीवर खेळणं ठेवलं की तेवढा वेळ मिळतो. टेपऐवजी सुतळी वापरली तर चिमटीत धरून बाजूला मोजता येते.

नेफानाडी

इलॅस्टिकबद्दल. ३ च्या नेफ्यात २ चं इलॅस्टिक म्हणजे त्याला लोळायला मोकळं मैदान. नेफा इलॅस्टिकपेक्षा ३-४ मिमीच जास्त हवा. उसवू नका. नेफ्याच्या वरच्या घडीपासून ६ मिमीवर गोल एक टीप मारा. इलॅस्टिक आत असतानाच मारायची असेल तर ते खालच्या बाजूला सरकवून टाचण्यांनी धरा आणि पुढचं-मागचं कापड ताणून सपाट करत जा. सुई इलॅस्टिकमध्ये शिरली तर तेवढा भाग आखडून बसतो.

मग दोन्ही कुशींच्या (बाहेरच्या बाजूंच्या) शिलाईवर, आणि मागच्या मध्यावरही, नेफ्याच्या रुंदीइतकी उभी टीप इलॅस्टिकसकट मारा. त्याआधी कंबर दहा-बारा वेळा पूर्ण ताणून सोडा, म्हणजे चुण्या सारख्या पसरतात. हे राहिलं तर सगळ्या चुण्या एका कुशीला जमतात आणि त्या तशाच पक्क्या होतात.

इलॅस्टिकची जातही बघा. वेणीसारखं गुंफलेलं (ब्रेडेड), ज्याच्यावर लांबट उभ्या रेघा असतात, ते ताणलं की अरुंद होतं आणि वरून टीप मारली की ढिलं पडतं. निटेड मऊ असतं, रुंदी सोडत नाही, लहान मुलांना तेच बरं. लांबी कमरेपेक्षा ४-५ सेंमी कमी. कंबर ५० असेल तर ४६ आणि जोडाला २, एकूण ४८. जोड एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारून मध्ये फुली मारा. टोकाला टोक लावून जोडलेलं इलॅस्टिक नेमकं तिथेच सुटतं.

स्वतः खाली करता यावा म्हणून वरचा कापडाचा घेर सीटच्या (नितंबांच्या घेराच्या) मापापेक्षा निदान ४-५ सेंमी जास्त ठेवा. सीट ५३ असेल तर ५८. इलॅस्टिक सैल करून हा प्रश्न सुटत नाही. कापडच कमी असेल तर इलॅस्टिक ताणूनही पायजमा सीटवर अडकतो.

टाचणी

इलॅस्टिकच्या जोडीला नाडीही घाला, सैल-घट्ट करता येते.

नेफानाडी

टाचणी, डायपर सोडवत असताना नाडी नको. गाठ बसली की घाईच्या वेळी मूल रडकुंडीला येतं. सैल-घट्ट करायचंच असेल तर काजी (बटणाची भोकं) असलेलं इलॅस्टिक घ्या, नेफ्याच्या आतल्या बाजूला कुशीजवळ चपटं बटण लावा. बटण पक्कं हवं, कारण तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात काहीही जातं. समोर नाडी दिसायला हवी असेल तर बो करून तो सगळीकडून शिवून टाका. गळ्याला आणि टोपीला तर दोरी अजिबातच नको. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना तिथे दोरी चालतच नाही.

नवशिकी

उरेब, मागच्या बाजूला कापडच विरलंय. आत्ता माप घेतलं. उकिडवं बसून ४६ भरतं, कागदावर पुढची-मागची गोलाई मिळून ४२. हे चार सेंमी कुठे वाढवायचे? आणि दोन पायजमे शिवून झालेत, त्यांचं काय करू?

उरेब

चार नाही, पाच वाढवा, थोडी ढील हवी. आणि सगळं मागच्या भागात. पुढे वाढवलंत तर पोटाखाली झोळ येईल.

मागच्या भागाच्या कागदावर, कमरेपासून साधारण निम्म्या आसनावर, मधल्या शिलाईकडून कुशीकडे आडवा काप घ्या. कुशीच्या कडेला दोन मिमी जोडलेलं राहू द्या. आता मध्यावर ३ सेंमी उघडा. पाचरीसारखी जागा उघडते, मागचा मध्य ३ ने उंच होतो आणि कुशीची लांबी बदलत नाही, म्हणून पुढच्या भागाशी जुळते. खाली कागद चिकटवून मागची रेघ पुन्हा सरळ आखा.

उरलेले २ सेंमी आसनाच्या टोकाला, म्हणजे जिथे आतल्या पायाची शिलाई सुरू होते तिथे, बाहेर वाढवा. तिथून गुडघ्यापर्यंत हळूहळू जुन्या रेघेला मिळवा. मागची आतली कड पुढच्यापेक्षा ३-४ मिमी लांब भरली तर टोक तेवढं खाली उतरवा.

शिवताना क्रम असा. आधी दोन्ही पायांची आतली शिलाई. मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घाला, आतल्या शिलाया एकमेकींवर आणा आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत आसन एका दमात शिवा. दुसरी टीप पहिलीपासून ३ मिमी मायेच्या बाजूला. मग फक्त तळाच्या गोलाईतली माया ६-७ मिमी ठेवून कापा आणि कड झिगझॅग करा. तळाची माया इस्त्रीने फाकवू नका, उभीच राहू द्या.

आडवाधागा

शिवून झालेल्या पायजम्यांना कळी, म्हणजे आसनाच्या मध्यावर जोडायचा वेगळा तुकडा, घाला. कापड विरलंय ती जागाही काही प्रमाणात झाकली जाते. पत्त्यातल्या चौकटसारखा लांबट तुकडा घ्या, तयार माप १५ बाय ५ सेंमी, सगळीकडे १ सेंमी माया वेगळी. त्याच्या चारी बाजू जवळपास ८ सेंमी भरतात. आसनाची शिलाई आधी ठीक करा. मग आसनाच्या मध्यापासून दोन्ही पायांची आतली शिलाई ८-८ सेंमी उसवा. तुकड्याची लांब टोकं पायांकडे जातील, आखूड टोकं पुढच्या आणि मागच्या आसनाच्या शिलाईवर.

बिघडतं ते कोपऱ्यांवर. प्रत्येक टीप कोपऱ्याच्या बिंदूवरच थांबली पाहिजे. एक टाका जरी पुढे गेला तरी तिथे चुणी येते, आणि एक टाका अलीकडे थांबलात तर भोक राहतं. बिंदू आधी पेन्सिलीने दोन्ही कापडांवर मांडा, शेवटचे तीन-चार टाके चाक हाताने फिरवून घाला. चारी बाजू वेगवेगळ्या शिवायच्या, गोल फिरवत एका दमात नाही.

माझ्या मते नव्या पायजम्यातही कळीच बरी, धावणाऱ्या-चढणाऱ्या मुलाला ती जास्त मोकळी पडते. उरेब यांची पद्धत दिसायला नीटस आहे, वाद नाही.

लांबीचं. या वयात उंची वर्षाला ७-८ सेंमी वाढते, त्यातली अर्धी पायांत धरा. म्हणजे ३ सेंमीची सोय केलीत तरी बरेच महिने निघतात. खालची दुमड मोठी ठेवू नका. त्याऐवजी दुमडीच्या वर, आतल्या बाजूने, १.५ सेंमी खोल प्लेट शिवा, ती ३ सेंमी लांबी खाते. टाके ४-५ मिमीचे लांब, म्हणजे एक धागा ओढला की सुटते. एक मात्र सांभाळा, मोहरीकडे (पायाच्या खालच्या तोंडाकडे) निमुळता होत जाणारा पाय असेल तर प्लेटचे दोन थर सारख्या रुंदीचे भरत नाहीत आणि चुण्या पडतात. म्हणून खालचे दहा-बारा सेंमी पाय सरळ बेता.

प्लेट सोडल्यावर तिथे रेघ दिसते. ती नुसती घडीची असेल तर ओलं फडकं ठेवून इस्त्री केल्यावर जाते. रंग उडाल्याची असेल तर जात नाही, म्हणून बारीक छापाचं कापड घ्या किंवा रेघेवर लेस लावा.

आणि कापड आधी धुतलंत का? सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ५० च्या लांबीत दीड ते अडीच सेंमी तिथेच गेले. कापडाची कापलेली टोकं झिगझॅग करून, कपडे नेहमी जसे धुता तसंच धुवून, वाळवून, मग बेता.

नवशिकी

धुतलं नव्हतं. पुढचा नव्याने बेतून, धुऊनच शिवते. शेवटचं: मूल घरभर फिरत असताना हे काम तुकड्यांत कसं करता? आणि त्याला पुढची-मागची बाजू कळत नाही.

नेफानाडी

मागच्या नेफ्यात मध्यावर रंगीत फितीची घडी शिवून घ्या. 'फीत पाठीकडे' एवढं त्याला पुरतं. विकतची लेबलं टोचतात, फीत मऊ सुती घ्या.

कामाचे तुकडे पाडताना कुठे थांबता येतं ते बघा. कागद कापणं, कापड कापणं, कडांना झिगझॅग, सरळ शिलाया हे कधीही अर्धवट सोडता येतं. कळीचे कोपरे आणि नेफा मूल झोपल्यावरच. नेफ्यात इलॅस्टिक ओवताना मध्येच उठलात तर मोकळं टोक आत जातं. ओवायच्या आधी ते टोक मोठ्या सेफ्टी पिनने कापडाला अडकवून ठेवा.

टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा. टाचण्या लागल्याच तर डबीतून मोजून काढा आणि मोजून परत टाका. उठताना मशीनचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, पायाखालचा पेडल मुलांना फार आवडतो. इस्त्रीची वायर टेबलावरून लोंबकळू देऊ नका. सुई मोडली तर दोन्ही तुकडे जुळवून अख्खी सुई भरते का ते बघा. टोक सापडलं नाही तर लोहचुंबक जमिनीवर आणि त्या पायजम्यावर, आतून-बाहेरून, दोन्हीकडे फिरवा.