तीन फुटी खाऱ्या टाकीसाठी घरगुती प्रोटीन स्किमर: लाकडी एअरस्टोन की नीडल व्हील?

सागरतळ
नमस्कार मंडळी. माझी तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, साधारण १९० लिटर. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, दगडांवर मश्रूम आणि झोआ (दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ). खाली दोन फुटी संप (मुख्य टाकीचं पाणी जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती खालची टाकी), कॅबिनेटची आतली उंची ३० इंच. वर्षभर दर आठवड्याला पाणी बदलून निभावलं, पण दोन महिन्यांपासून नायट्रेट ४० च्या खाली येत नाही आणि दगडांवर केसासारखं शेवाळ धरलंय. तयार स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) सध्या परवडत नाही. बाथरूमच्या कामातला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उरलाय, त्यातून काही जमेल का? कोणी स्वतः बनवून वर्षभर चालवला असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुढे दगडी प्रवाळ ठेवायचीही इच्छा आहे.

भरती_ओहोटी
जमेल. मी दोन बनवले, त्यातला दुसरा चार वर्षं चालू आहे. पण आधी एक समजून घ्या: स्किमर नायट्रेट काढत नाही. माशांची विष्ठा, चिकट स्राव, उरलेलं खाणं यांतली प्रथिनं बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जातात, म्हणजे कुजून त्यांचं नायट्रेट व्हायच्या आधीच पाण्याबाहेर पडतात. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी वेळेवर काढतात ना, तसं. त्यामुळे आहे ते ४० पाणी बदलूनच उतरवावं लागेल.

तुमच्या मापाला लाकडी एअरस्टोनचा (हवा सोडली की बारीक बुडबुडे देणारा सच्छिद्र लाकडाचा ठोकळा) उलट्या प्रवाहाचा स्किमर उत्तम. पाइप १८ इंच कापा, खाली एंड कॅप. पाणी वरच्या बाजूने आत सोडायचं, हवा तळातून. पाणी खाली उतरतं, बुडबुडे वर चढतात, दोघांची गाठ जास्त वेळ पडते. सगळी मेहनत या गाठीसाठीच आहे. एवढ्या पाइपात साडेतीन लिटरच्या आसपास पाणी राहतं. तासाला २०० लिटरचा छोटा पंप लावलात तर पाणी आत मिनिटभर थांबतं. मोठा पंप लावायचा मोह होईल, तो आवरा.

बाहेर जाणारं पाणी तळाशी एल्बो लावून शेजारच्या उभ्या नळीतून वर न्या. आतली पातळी या नळीच्या उंचीवर ठरते. तिच्या डोक्यावर टी लावून वरचं तोंड उघडं ठेवा, नाहीतर सायफन लागून सगळा स्किमर रिकामा होतो. पातळी बारीक हलवायला प्लास्टिकचाच व्हॉल्व्ह घ्या. पितळेचा नको, पितळेत तांबं असतं आणि तांब्याने श्रिंप आणि झोआ दोन्ही मरतात.

फेस चढतो ती मान पारदर्शक हवी, कारण रोज बघायचं तेच आहे. मी साठ मिमीची ॲक्रिलिक नळी रिड्यूसरमध्ये बसवली. कप म्हणजे लोणच्याची प्लास्टिकची बरणी: बुडाला भोक, रबरी वॉशर, नळी आत तीन बोटं वर आलेली. बरणी उचलून धुता आली पाहिजे. मानेच्या आतला चिकट थर दोन-तीन दिवसांनी पुसला नाही तर फेस वर चढतच नाही.

खारं_वारं
वरची रचना बरोबर आहे, पण लाकडी स्टोनचा त्रास कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. त्याची छिद्रं महिन्याभरात बुजतात, बुडबुडे मोठे होतात आणि कप कोरडा राहतो. साधा एअर पंप त्यातून हवा ढकलू शकत नाही, दाबाचा घ्यावा लागतो आणि तो घरघरतो. माझं मत: बॉडी घरी करा, पण नीडल व्हीलचा पंप विकत घ्या. त्याचं काटेरी चाक हवा कुटून बुडबुडे अगदी दुधासारखे करतं. खर्च एकदाच.

भरती_ओहोटी
@खारं_वारं, बुडबुड्यांबद्दल मान्य. पण त्यांचं बजेट बघता सुरुवात स्टोननेच करावी, पंप नंतर त्याच बॉडीला लावता येतो. एअर पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका. वीज गेली की खारं पाणी उलटं पंपात शिरतं.

प्रवाळवेडी
जोडकामाबद्दल. सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही, माझा पहिला सांधा तिथेच गळला. ॲक्रिलिकची दुकानं क्लोरोफॉर्मने जोडून देतात, ते काम त्यांच्याकडूनच करून घ्या, बंद खोलीत मुळीच नको. पीव्हीसीला सॉल्व्हंट सिमेंट लावून दोन दिवस वाळू द्या, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुवा.

आणि गळती गोड्या पाण्यात तपासा, फेस नाही. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्यात ते बारीक राहतात, म्हणूनच हे यंत्र समुद्राच्या पाण्यात चालतं.

माझी एक चूक सांगते. कपाची नळी मी बाहेरच्या कॅनला जोडली होती. रात्री वीज गेली, वरच्या टाकीचं पाणी उतरून संप चढला, वीज आल्यावर स्किमर खारं पाणीच कॅनमध्ये ओतत राहिला आणि ऑटो टॉप-अप (संपची पातळी घटली की आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) त्याजागी गोडं पाणी भरत राहिला. सकाळी घनता १.०२५ वरून १.०१९ वर आली होती आणि माझे दोन्ही श्रिंप गेले. सुरुवातीला कपाला बाहेर जाणारी नळी जोडूच नका, आणि संपमध्ये पातळी हलणार नाही अशा कप्प्यातच स्किमर ठेवा.

दगडी प्रवाळांचा विचार मात्र सोडा. सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. समुद्रातून तोडून आणलेला तुकडा कोणी देऊ केला तरी घेऊ नका. मश्रूम आणि झोआंनी टाकी किती भरून येते ते पाहाल तुम्ही.

सागरतळ
मनापासून आभार, ताई आणि दादा. प्रवाळांचं कळलं, विचार सोडला. स्टोननेच सुरुवात करतो.

सागरतळ
तीन आठवड्यांनी लिहितोय. पहिले चार दिवस नुसतं पांढरं पाणी कपात यायचं, व्हॉल्व्ह उघडून पातळी दोन बोटं खाली आणली तेव्हा थांबलं. मग आठवडाभर काहीच नाही. बाराव्या दिवशी मानेवर तपकिरी कडा दिसली, आणि आज बरणीत अर्धी वाटी कोऱ्या चहासारखं पाणी आहे, वास नाकात बसेल असा. नायट्रेट दोन मोठ्या पाणीबदलानंतर २० वर आहे आणि तिथेच टिकलंय. एक विचारायचं होतं: काल दगड हलवायला हात घातला आणि फेस एकदम बसला, संध्याकाळपर्यंत आलाच नाही. स्टोन बुजला का?

भरती_ओहोटी
नाही. हाताचं तेल पाण्यात उतरलं की फेस मोडतो, तेलकट खाणं टाकल्यावरही तसंच होतं. काही तासांत आपोआप येतो. व्हॉल्व्हला हात लावू नका. पुढच्या वेळी कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने हात धुवून घाला, साबण नको.