पावनखिंडीच्या मोहिमेसाठी शिवकालीन धाटणीची तलवार, ढाल, अंगरखा कुठून घ्यावा?

मावळवाट: आम्ही सातजण दर जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालतो. १६६० च्या आषाढात बांदलांची माणसं भर पावसात गेली, तीच दिशा. यंदा शेवटचा टप्पा त्या काळच्या वेशात चालून खिंडीपाशी तलवारीचे आणि दांडपट्ट्याचे चार हात करून दाखवायचं ठरलंय.

गेल्या वर्षी मी ऑनलाइन तलवार मागवली. फोटोत सुरेख होती, प्रत्यक्षात पावणेदोन किलो भरली. पातं स्टेनलेसचं आणि मुठीत नुसती बारीक सळई वेल्ड केलेली. सरावात चौथ्याच वाराला पातं सुटून मित्राच्या पायाशी पडलं. त्याला लागलं नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही. कपड्यांचंही तेच. ‘मावळा ड्रेस’ म्हणून जो मिळतो तो चकचकीत सॅटिनचा, मागे वेल्क्रो. बाजीप्रभूंबरोबर लढलेल्या माणसांना अशा वेशात उभं करायला मन धजत नाही. माणशी आठ-दहा हजार खर्चायची तयारी आहे. काय बघून घ्यावं?

लोहारआळी: दादा, आधी वजनकाटा घ्या, मग दुकान शोधा. मी कोल्हापुरात वीस वर्षं मर्दानी खेळ शिकवतोय. जुनी तलवार साधारण किलोच्या आसपास भरते. तिचं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. बाजारातलं पातं एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेलं, म्हणून टोकाला जड लागतं आणि अर्ध्या तासात मनगट भरून येतं. फोटोत हे कळत नाही, हातात घेऊन फिरवावीच लागते.

जुन्या मुठीत पात्याचं आखूड शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, लाखेनं बसवत. त्या कारागिरीबद्दल मला फार आदर आहे, पण खेळाच्या तलवारीत मी नुसत्या लाखेवर विसंबत नाही, उन्हात गाडीत राहिली की ती मऊ पडते. शेपूट पात्याच्याच पोलादाचं, अखंड, रुंद हवं आणि मुठीतून आरपार रिव्हेट हवा. बघणाऱ्याला रिव्हेट दिसला तर दिसू दे.

मी मूठ उदयपूरहून आणतो आणि पातं इथल्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचं करून घेतो. पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कणखर केलेलं पातं थोडं वाकवून सोडलं की सरळ होतं. वाकलेलंच राहिलं तर परत करा. कड दोन मिलिमीटर बोथट आणि टोक गोल, यात तडजोड नको. डेहराडूनलाही परदेशातल्या हौशी मंडळांसाठी चांगल्या तलवारी बनतात, मात्र शोभेची नको, खेळायची बोथट हवी, असं स्पष्ट सांगा.

पट्टा यंदा नको. खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी हातमोज्यात, हात गेला की मनगट अडकतं, सगळी फेक खांद्यातून येते. वर्षभर शिकल्याशिवाय माणसांत तो फिरवू नये.

ढाल चामड्याची घ्या, पत्र्याची नाही. आत गादी आणि धरायला दोन कड्या बघा. पावसात चामडं फुगतं, आदल्या रात्री तेल चोळा.

जुनीपेठ: मी नाटकांचे कपडे शिवते. अंगरख्याला जाडंभरडं हातमागाचं सुती घ्या, बटण नाही, फक्त बंद. ओला झाल्यावर तो दुप्पट जड होतो, म्हणून चालायचा असेल तर गुडघ्याच्या वरच ठेवा. खाली चोळणा, म्हणजे आखूड तंग विजार; घोळदार सुरवार नको, चिखलात पाय अडकतो. मुंडासं शिवलेलं आणू नका, बांधायला शिका, आठवडाभरात जमतं. इटालियन प्रवासी मनुचीच्या संग्रहातलं महाराजांचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात घोड्याबरोबर पायी चालणारी माणसं आहेत. कपडे बेतताना मी सिनेमातल्या पोशाखांपेक्षा ते चित्र समोर ठेवते.

घाटमाथा: एक राहिलंच. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालच्या नियमांत तलवारीचं नाव आहे. नऊ इंचांहून लांब पात्यांचाही उल्लेख आहे. बोथट असली तरी नाक्यावर अडवतात. जवळच्या पोलीस ठाण्यात नावं, तारीख आणि वाट लिहून आधीच अर्ज द्या आणि शिक्क्याची प्रत बरोबर ठेवा. गाडीत तलवारी म्यानात, कापडात बांधूनच न्या.

मावळवाट: मनापासून आभार. पट्ट्याचा बेत रद्द. पैसे सातजणांत वाटण्यापेक्षा तीनच तलवारी नीट करून घेऊ, उरलेले चौघं लाठी धरतील. लोहारआळी दादा, रविवारी कोल्हापुरात येतोय, वजनकाटा आणतो. जुनीपेठ ताई, सात अंगरख्यांना कापड किती लागेल?

जुनीपेठ: आधी सगळ्यांची उंची आणि छाती पाठवा, मग सांगते. आणि शिवण्याआधी कापड दोनदा धुऊन घ्या, आटतं.